दोन कुलुपं, एकच किल्ली

जानेवारी २०११ मध्ये इंटेलने आपल्या डेस्कटॉप प्रोसेसरांची नवी पिढी बाजारात आणली. तिचं नाव सँडी ब्रिज. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या अभियंत्यांनी तिचा आराखडा केला होता आणि त्यांनी तिला आधी ‘गेशेर’ असं नाव दिलं होतं. हिब्रू भाषेत गेशेर म्हणजे पूल. या पिढीत दोन चार-कोअर प्रोसेसर शेजारी शेजारी उभे होते : कोअर आय७-२६०० आणि कोअर आय७-२६००के.

दोघांचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्‌झ, टर्बो वेग ३.८ गिगाहर्ट्‌झ. दोघांत चार कोअर, आठ थ्रेड, ८ मेगाबाइट कॅश. दोघांची उष्णतेची मर्यादा ९५ वॅट. सॉकेट एकच, ३२ नॅनोमीटरचं तंत्रही एकच. एक हजार नग घेणाऱ्यांसाठी इंटेलने जाहीर केलेला दर साध्या २६०० चा २९४ डॉलर आणि ‘के’वाल्याचा ३१७ डॉलर होता. म्हणजे फरक २३ डॉलरचा. एवढे जास्त मोजले की वेगाचं कुलूप उघडत होतं आणि प्रोसेसर हवा तितका पळवून पाहता येत होता. सोबत थोडं दमदार अंगभूत ग्राफिक्सही मिळत होतं.

बहुतेकांनी इथवरच वाचलं. पण तपशिलाच्या तक्त्यात बरंच खाली आणखी एक ओळ होती. एका यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टीम चालवताना उपयोगी पडणारी व्हीटी-डी नावाची सोय साध्या २६०० मध्ये होती आणि महाग २६००के मध्ये नव्हती. जास्त पैसे देऊन एक कुलूप उघडावं, तर दुसरं बंद होत होतं. एका यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टीम चालवायच्या आणि वेगही वाढवायचा, अशा दोन्ही इच्छा असलेल्या माणसासाठी ही निवड अवघड होती.

त्या निवडीचा विचार आजही उपयोगी आहे. हे प्रोसेसर आता जुने झाले, पण त्यांच्यापैकी एक निवडताना जे प्रश्न स्वतःला विचारावे लागत, ते प्रत्येक नव्या पिढीच्या खरेदीत पुन्हा समोर येतात.

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका खऱ्या संगणकावर अनेक भासमान संगणक चालवणं. जुन्या वाड्यात एकाच छपराखाली अनेक बिऱ्हाडं नांदत. प्रत्येकाची चूल वेगळी, दार वेगळं, पण विहीर आणि छप्पर सामायिक. संगणकात या वाड्याचा कारभार पाहणाऱ्या प्रोग्रॅमला हायपरवायझर म्हणतात. प्रत्येक भासमान यंत्राला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, आपण एकटेच घरमालक आहोत असं वाटत राहावं, आणि प्रत्यक्षात मात्र कोणालाही दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येऊ नये, हे त्याचं काम.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या आयबीएमच्या केंद्रात १९६० च्या दशकात तिच्यावर काम झालं आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखादा प्रोसेसर व्हर्च्युअलायझेशनसाठी योग्य आहे की नाही याची कसोटी मांडली. तिचं सार असं : यंत्राच्या मूळ अवस्थेला हात लावणारी प्रत्येक आज्ञा सामान्य प्रोग्रॅमने दिली, तर प्रोसेसरने तिथेच थांबून कारभाऱ्याला हाक मारली पाहिजे.

आपल्या घरातले संगणक ज्या एक्स८६ घराण्याचे, ते या कसोटीत नापास होत होते. त्यांच्या काही आज्ञा धोकादायक होत्या, पण हाक मारत नव्हत्या. ‘पॉपएफ’ या आज्ञेचं उदाहरण घेऊ. प्रोसेसरने बाहेरून येणाऱ्या हाकांकडे लक्ष द्यायचं की नाही, हे ठरवणारा बिट बदलण्याचा प्रयत्न या आज्ञेने करता येतो. सामान्य प्रोग्रॅमने तो केला, तर प्रोसेसर तो बदल गुपचूप सोडून द्यायचा. चूक नोंदवली जात नसे, कारभाऱ्यालाही कळत नसे. भासमान यंत्रातली ऑपरेटिंग सिस्टीम समजायची की बिट बदलला, आणि तिथून पुढे तिचा हिशोब चुकत जायचा.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने यावर कल्पक तोड काढली. आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा कोड चालवण्याआधी वाचायचा आणि अडचणीच्या आज्ञांच्या जागी सुरक्षित आज्ञा घालायच्या. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून झेन हा हायपरवायझर पुढे आला. त्याने आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमलाच थोडं बदलून घेतलं. दोन्ही मार्ग चालले, पण दोन्हींत प्रोसेसरची उणीव सॉफ्टवेअरला भरून काढावी लागत होती. शेवटी प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच ती दूर केली. इंटेलची व्हीटी-एक्स ही सोय नोव्हेंबर २००५ मध्ये पेंटियम ४ च्या दोन मॉडेलांत आली आणि एएमडीची तशीच सोय २००६ मध्ये.

एकाच नावाखाली दोन सोयी

खरेदी करताना सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो इथे. ‘या प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशन आहे का?’ असा प्रश्न दुकानात विचारला की उत्तर ‘आहे’ असं येतं, आणि ते खोटंही नसतं. पण व्हर्च्युअलायझेशन या एका शब्दाखाली निदान दोन वेगळ्या सोयी येतात.

पहिली व्हीटी-एक्स. ती कोअरच्या आतल्या कामासाठी आहे. ती असली की प्रोसेसरला दोन अवस्था मिळतात, एक कारभाऱ्याची आणि एक बिऱ्हाडकरूची. बिऱ्हाडकरू अवस्थेत आतली ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या सगळ्या आज्ञा थेट कोअरवर चालवते. एखादी आज्ञा वाड्याच्या सामायिक गोष्टीला हात लावणारी असेल, तर प्रोसेसर थांबून कारभाऱ्याकडे जातो. या येण्याजाण्यात शेकडो ते हजारभर चक्रं खर्च होतात, म्हणून ते जितकं कमी तितकं बरं. २००८ च्या नेहेलम पिढीत इंटेलने याला जोड दिली ती विस्तारित पेज टेबलांची. आतल्या मेमरीचा पत्ता खऱ्या मेमरीच्या पत्त्यात बदलण्याचं काम तोवर सॉफ्टवेअर करत असे, ते आता प्रोसेसर स्वतः करू लागला. सँडी ब्रिजमध्ये या दोन्ही गोष्टी होत्या, आणि २६०० व २६००के दोघांतही होत्या.

दुसरी सोय व्हीटी-डी. तिचा संबंध कोअरशी कमी आणि बाहेरच्या उपकरणांशी जास्त. नेटवर्क कार्ड, डिस्कचा कंट्रोलर, ग्राफिक्स कार्ड ही उपकरणं प्रत्येक बाइटसाठी प्रोसेसरला त्रास देत नाहीत. ती मेमरीत थेट लिहितात आणि थेट वाचतात. एरवी हे सोयीचं असतं. पण वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाला वाटत असतं की आपली खोली क्रमांक एक. आतली ऑपरेटिंग सिस्टीम नेटवर्क कार्डाला सांगते, ‘आलेलं पाकीट खोली क्रमांक एकमध्ये ठेव.’ कार्डाला ही भासमान व्यवस्था माहीत नसते. ते खरोखरच वाड्याच्या पहिल्या खोलीत पाकीट टाकतं, आणि ती खोली दुसऱ्याचीच असते, कदाचित कारभाऱ्याची. सगळा वाडा कोसळायला असं एक पाकीट पुरतं.

व्हीटी-डी म्हणजे या दारावर बसलेला पत्ते बदलणारा पहारेकरी. कोणतं उपकरण कोणत्या बिऱ्हाडाला दिलं आहे याचे तक्ते त्याच्याकडे असतात. उपकरणाने सांगितलेला पत्ता तो खऱ्या पत्त्यात बदलतो आणि हद्दीबाहेरचा पत्ता आला तर अडवतो. तो असला की एखादं खरं उपकरण अख्खंच्या अख्खं एका भासमान यंत्राच्या हवाली करता येतं. यालाच पासथ्रू म्हणतात.

मग आपल्याला यातलं काय लागतं? प्रोग्रॅम तपासण्यासाठी लिनक्स आणि विंडोज शेजारी शेजारी चालवायचे असतील, नेटवर्कच्या अभ्यासासाठी चार-पाच छोटे सर्व्हर उभे करायचे असतील, जुन्या विंडोजवरच चालणारं एखादं हिशोबाचं सॉफ्टवेअर जिवंत ठेवायचं असेल, तर व्हीटी-एक्स पुरतं. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, केव्हीएम हे सगळे व्हीटी-डीशिवाय व्यवस्थित चालतात. कारण भासमान यंत्रांना ते भासमान नेटवर्क कार्ड आणि भासमान डिस्क देतात, आणि खरी उपकरणं कारभाऱ्याच्याच हातात राहतात.

पण लिनक्स हा मुख्य संसार आणि त्यात एका भासमान विंडोजला खरं ग्राफिक्स कार्ड देऊन खेळ किंवा त्रिमितीय आरेखन चालवायचं असेल, तर व्हीटी-डीला पर्याय नाही. अख्खा डिस्क कंट्रोलर एका साठवणुकीच्या सर्व्हरला द्यायचा असेल, किंवा नेटवर्क कार्ड थेट एका फायरवॉलला जोडायचं असेल, तरीही तेच. तिथे २६००के घेतला तर कितीही वेग वाढवून उपयोग नाही. जी सोय चिपमध्ये उघडलेलीच नाही, ती वेगाने भरून निघत नाही.

मोठा आकडा म्हणजे जास्त सोयी, हा समजही सोडून दिला पाहिजे. २००७ च्या जानेवारीत आलेल्या कोअर २ क्वाड क्यू६६०० मध्ये व्हीटी-एक्स होतं. २००८ च्या क्यू८२०० मध्ये ते नव्हतं. २००९ मध्ये विंडोज ७ सोबत जुन्या प्रोग्रॅमांसाठी एक्सपी मोड आला, तेव्हा त्याला प्रोसेसरमधली ही सोय लागत होती आणि नव्या संगणकांचे अनेक मालक अडले. मार्च २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने ती अट काढून टाकली.

टाळाचा ठेका

आता दुसऱ्या कुलपाकडे वळू. प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असतं आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला आतले कोट्यवधी ट्रान्झिस्टर एक पाऊल पुढे टाकतात. वारीतल्या दिंडीत टाळाच्या ठेक्यावर सगळे वारकरी पाऊल टाकतात, तसं. ठेका जलद केला की दिंडी जलद चालते. पण किती जलद, हे पुढचा तरुण ठरवत नाही. सगळ्यात सावकाश चालणारा वारकरी ठरवतो. त्याचं पाऊल पूर्ण पडायच्या आत पुढचा ठेका वाजला, की ओळ विस्कटते. प्रोसेसरमध्येही सगळ्यात लांबचा, सगळ्यात सावकाश मार्ग असतो. त्यातून जाणारा संकेत ठोक्याच्या आत पोचला नाही, तर उत्तर चुकतं.

कारखाना प्रोसेसरला ३.४ गिगाहर्ट्‌झचा शिक्का मारतो, तेव्हा तो मुद्दाम हात राखून मारतो. खोली गरम असेल, वीजपुरवठा थोडा डळमळीत असेल, चिप काही वर्षांनी म्हातारी होईल, त्या दिवशीही उत्तर बरोबर यावं म्हणून. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे या राखीव शिलकीतून उचल करणं. शिलक खरोखर असते, म्हणून ते जमतं. १९९८ चा सेलेरॉन ३००ए याबाबतीत नावाजलेला होता. मदरबोर्डवरचं मूळ घड्याळ ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेलं की ३०० मेगाहर्ट्‌झचा हा स्वस्त प्रोसेसर ४५० वर धावायचा.

सँडी ब्रिजमध्ये तो जुना रस्ता बंद झाला. प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ घड्याळ गुणिले गुणक. या पिढीत मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्‌झचं, आणि त्याच घड्याळावर साटा, यूएसबी आणि पीसीआय एक्सप्रेस हेही चालत. ते पाच-सात टक्क्यांहून जास्त वाढवलं की डिस्क आणि कार्डं बिथरू लागत. उरला फक्त गुणक. ‘के’मध्ये तो मोकळा होता, ५७ पर्यंत नेता येत होता. साध्या २६०० मध्ये तो जवळपास बंद होता.

‘जवळपास’ हा शब्द इथे महत्त्वाचा. योग्य मदरबोर्डवर साधा २६००सुद्धा टर्बोच्या वर चार पायऱ्या चढत होता. एकच कोअर कामात असेल तर ४.२ गिगाहर्ट्‌झ, चारही कोअर कामात असतील तर ३.९. चांगला एअर कूलर लावून २६००के बऱ्याचदा ४.४ ते ४.५ पर्यंत जायचा. ३.८ चा टर्बो एकाच कोअरचा; चारही कोअर कामात असताना मूळ टर्बो ३.५ चा होता. त्याच्याशी तुलना केली तर ४.५ म्हणजे जवळजवळ २९ टक्क्यांची वाढ, आणि तो आकडा मोहात पाडतो. पण खरी तुलना ३.९ आणि ४.५ यांच्यात आहे, आणि तो फरक साधारण १५ टक्क्यांचा. तेव्हा या निवडीचा खरा हिशोब एका ओळीत मांडता येतो : शिखरावरचा १५ टक्के वेग हवा, की उपकरण थेट भासमान यंत्राला देण्याची मुभा?

वेगाची किंमत

वेग वाढवायला बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि तिथे बिल चढतं. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग ३.५ वरून ४.५ वर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ वर न्यावं लागलं. वेगामुळे शक्ती १.२९ पट, व्होल्टेजमुळे १.२७ पट. गुणाकार केला तर सुमारे १.६३ पट. २९ टक्के वेगासाठी ६३ टक्के जास्त वीज, आणि तेवढीच जास्त उष्णता.

ही उष्णता कूलर हवेत सोडतो, म्हणून खोलीची हवा हिशोबात धरावीच लागते. एअर कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीपेक्षा ती किती अंशांनी गरम राहील, एवढंच तो ठरवतो. पुण्यात डिसेंबरच्या रात्री खोलीत २० अंश असताना भरपूर कामाखाली चिप ७० अंशांवर राहत असेल, तर कूलरने ५० अंशांचा फरक राखला. तोच संगणक तेच काम मे महिन्यात चंद्रपूरच्या ४० अंशांच्या खोलीत करेल, तेव्हा चिप ९० वर जाईल. सँडी ब्रिज सुमारे ९८ अंशांना स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. युरोप-अमेरिकेतल्या थंड खोलीत कोणी ४.८ गिगाहर्ट्‌झ गाठले, म्हणून आपण ते उन्हाळ्यात गाठावेत, हा हट्ट धरू नये. आपल्याकडे ओव्हरक्लॉकची चाचणी मे महिन्यात दुपारी दोन वाजता घ्यावी. तिथे टिकलं तर वर्षभर टिकेल.

जास्त व्होल्टेज चिपला हळूहळू झिजवतं, हे इंटेललाच त्या वर्षी पाहायला मिळालं. ३१ जानेवारी २०११ ला, प्रोसेसर बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा कंपनीने सोबतच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचं जाहीर केलं. साटाच्या काही पोर्टांसाठी असलेल्या एका ट्रान्झिस्टरला आराखड्यातच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. पहिल्या दिवशी सगळं नीट चालायचं. पण काळ जाईल तशी गळती वाढून ती पोर्टं बिघडण्याची शक्यता होती. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर धरला. आज चालतं म्हणजे तीन वर्षांनीही चालेल असं नाही, ही समज ओव्हरक्लॉक करणाऱ्याने या घटनेतून घ्यावी.

दोन इच्छा एका यंत्रात

ज्या माणसाला संगणकावर फक्त खेळ खेळायचे आहेत, त्याचा ओव्हरक्लॉक थोडा कच्चा राहिला तर काय होतं? आठवड्यातून एकदा खेळ बंद पडतो, तो पुन्हा सुरू करतो. नुकसान अर्ध्या तासाचं.

आता तोच कच्चेपणा वाड्याच्या पायाखाली ठेवा. वर सहा भासमान यंत्रं चालू आहेत. एकात डेटाबेस, एकात विद्यार्थ्यांचा प्रकल्प, एकात घराच्या बॅकअपची साठवण. यंत्र कोसळलं तर सहाही एकदम कोसळतात. आणि कोसळणं हे त्यातलं बरं रूप आहे, कारण ते निदान दिसतं. ठेका थोडासाच जास्त असेल, तर वाईट रूप समोर येतं. एखादा बिट चुकतो, कोणतीही हाक येत नाही, चुकलेला आकडा फाइलमध्ये लिहिला जातो, आणि रात्रीच्या बॅकअपमध्ये तोच चुकलेला आकडा निमूटपणे जपून ठेवला जातो. पॉपएफच्या गोष्टीत आपण हाच धोका पाहिला होता. जी चूक स्वतःला जाहीर करत नाही, ती सगळ्यात महाग पडते.

म्हणून या दोन सोयींना मी बरोबरीच्या वस्तू मानत नाही. ओव्हरक्लॉकिंग राखीव शिलक खर्च करतं. व्हर्च्युअलायझेशन त्याच शिलकीवर अवलंबून असलेल्यांची संख्या वाढवतं. दोन्ही एकत्र करायचीच असतील, तर उचल कमी ठेवावी. ४.६ वर तासभर टिकणारं यंत्र ४.२ वर कायम चालवावं. प्राइम९५ सारखी कडक चाचणी रात्रभर चालवावी आणि मेमटेस्टने रॅम तपासावी. त्यानंतर सगळी भासमान यंत्रं एकदम कामाला लावून पुन्हा पाहावं, कारण त्या वेळी मेमरी, डिस्क आणि कोअर एकत्र तापतात.

एक साधी गोष्टही सांगायला हवी. भासमान यंत्रं चालवताना बहुतेक वेळा कोअरचा वेग आधी संपत नाही, रॅम आधी संपते. चार यंत्रांना चार-चार गिगाबाइट दिले की १६ गेले, आणि कारभाऱ्याला स्वतःसाठी लागते ती वेगळी. या प्रोसेसरांना जास्तीत जास्त ३२ गिगाबाइट रॅम लावता येत होती. रॅम अपुरी पडून डिस्कवर अदलाबदल सुरू झाली, की ४.५ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसरही हात बांधून बसतो. मर्यादित पैशात आधी रॅम, मग एसएसडी, आणि शेवटी कूलर असा क्रम मी सुचवेन.

तिसरं कुलूप

प्रोसेसर ठरला तरी काम संपत नाही. वेगाची आणि व्हीटी-डीची परवानगी मदरबोर्डकडूनही यावी लागते. पी६७ चिपसेटवर गुणक वाढवता येई, पण अंगभूत ग्राफिक्स वापरता येत नसे. एच६७ वर ग्राफिक्स चाले, गुणक बंद. मे २०११ मध्ये आलेल्या झेड६८ ने दोन्ही एकत्र दिलं. कार्यालयांसाठीच्या क्यू६७ मध्ये व्हीटी-डी अधिकृतपणे होतं, पण तिथे गुणक वाढवता येत नव्हता. पी६७ आणि झेड६८ च्या बोर्डांवर व्हीटी-डी चालेल की नाही, हे बोर्ड बनवणाऱ्याने बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, ती नोंद ठेवली आहे का आणि नीट लिहिली आहे का, यावर ठरे.

म्हणजे साखळीत तीन कड्या : प्रोसेसर, चिपसेट, बायोस. तिन्ही जुळल्या तरच सोय मिळते. खरेदीआधी इंटेलच्या संकेतस्थळावर प्रोसेसरचं पान उघडून व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी या दोन ओळी वेगवेगळ्या वाचाव्यात. मग मदरबोर्डची माहितीपुस्तिका उतरवून घेऊन बायोसच्या प्रकरणात व्हीटी-डीची नोंद शोधावी. ही अर्ध्या तासाची मेहनत पुढच्या चार वर्षांची हळहळ वाचवते.

निवड कशी करावी

तेव्हाच्या ग्राहकाला मी काय सांगितलं असतं? फक्त व्हीटी-एक्सवर भागणारी दोन-चार भासमान यंत्रं, आणि बाकी वेळ खेळ, चित्रफितींचं संपादन किंवा त्रिमितीय चित्रं, असं काम असेल तर २६००के घ्यावा. त्याला व्हीटी-डीची उणीव कधी जाणवणार नाही आणि मोकळा गुणक रोज उपयोगी पडेल.

उपकरण थेट भासमान यंत्राला द्यायचं आहे, किंवा पुढच्या दोन-तीन वर्षांत तसं करावंसं वाटेल अशी शंका आहे, तर साधा २६००. ही शंका खरी ठरलीही. सप्टेंबर २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये व्हीएफआयओ ही व्यवस्था आली आणि घरच्या संगणकावर ग्राफिक्स कार्डाचं पासथ्रू करून पाहणारे पुढे वाढत गेले. त्या दिवशी साधा २६०० बाळगणाऱ्याला एक दार उघडं मिळालं. १५ टक्के वेग नसला तरी काम थोडं सावकाश का होईना झालं असतं, बंद दार मात्र प्रोसेसर बदलल्याशिवाय उघडत नव्हतं.

आणि यंत्र दिवसरात्र चालणार असेल, त्यावर दुसऱ्यांचं काम अवलंबून असेल, तर दोन्हींपैकी एकही नको. एप्रिल २०११ मध्ये आलेला झीऑन ई३-१२३० हा त्याच पिढीतला चार-कोअर, आठ-थ्रेडचा प्रोसेसर होता. मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्‌झ, जाहीर दर २१५ डॉलर, व्हीटी-डी आहे, आणि योग्य बोर्डावर चुका स्वतः सुधारणारी ईसीसी मेमरीही चालते. अंगभूत ग्राफिक्स नाही आणि ओव्हरक्लॉकही नाही. पण मूक चुकांची ज्याला खरी भीती आहे, त्याच्यासाठी सुमारे ८० ते १०० डॉलर वाचवून मिळणारी ही राखीव शिलक होती.

एएमडीच्या अंगणात हे कोडं नव्हतंच. फेनम २ एक्स४ ९६५ ब्लॅक एडिशनमध्ये गुणकही मोकळा आणि व्हर्च्युअलायझेशनही. ८९०एफएक्स चिपसेटचा योग्य बोर्ड असेल तर उपकरणांच्या पत्त्यांचा पहारेकरीही मिळे. मात्र तितक्याच गिगाहर्ट्‌झला तो सँडी ब्रिजइतकं काम उरकत नव्हता.

कुलूप कोणी लावलं होतं?

एक प्रश्न उरतो. वेग वाढवता येणाऱ्या चिपमध्ये व्हीटी-डी न देण्यामागे काही तांत्रिक अडचण होती का? २०१२ चा ३७७०के आणि २०१३ चा ४७७०के या दोघांतही तीच उणीव राहिली, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. पण फेब्रुवारी २०१२ मध्ये मोठ्या सॉकेटचा चार-कोअर आय७-३८२० आला. त्यात व्हीटी-डीही होतं आणि मूळ घड्याळ १२५ मेगाहर्ट्‌झवर नेण्याची मुभाही. आणि जून २०१४ मध्ये आलेल्या आय७-४७९०के ने शंकाच मिटवली : मूळ वेग ४.० गिगाहर्ट्‌झ, टर्बो ४.४, गुणक मोकळा आणि व्हीटी-डी हजर. कुलूप सिलिकॉनमध्ये नव्हतं. ते विक्रीच्या तक्त्यात होतं.

ही गोष्ट मनाला लागते, कारण तीन वर्षं असंख्य लोकांनी अशा सोयीवर पाणी सोडलं जी त्यांच्या हातातल्या चिपच्या आराखड्यात होती. तरी त्यातून शिकण्यासारखं आहे ते असं, की विकणाऱ्याने आखलेले कप्पे आपल्या कामाच्या कप्प्यांशी जुळतीलच असं नसतं. ‘सगळ्यात वरचा घ्या’ हा सल्ला म्हणूनच अपुरा. आपलं काम आधी कागदावर लिहावं : किती यंत्रं, किती रॅम, कोणतं उपकरण कोणाच्या हाती, आणि चूक झाली तर कोणाचं किती जाणार. मग तक्त्यातली शेवटची ओळसुद्धा वाचावी.

२३ डॉलर वाचवून साधा २६०० घेणाऱ्याने त्या काळी वेगाचा मान सोडला, पण यंत्राची राखीव शिलक शाबूत ठेवली आणि एक दार पुढच्यासाठी उघडं ठेवलं. जिथे अनेक बिऱ्हाडं एका छपराखाली राहणार आहेत, तिथे वासे थोडे जाडच घालावे लागतात.